सोलापुरी चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी: दहा महिने मोशीत वापरून

सोलापुरात बसून चादरीच्या दुकानाबद्दल लिहायचं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याच्या दुकानाबद्दल लिहिण्यासारखं आहे. प्रत्येकाचं दुकान ठरलेलं, आणि दुसऱ्याच्या दुकानात सगळी फसवाफसवी. तरी लिहितेय, कारण माझ्या दुकानाचा माल मी नुसता घरच्या पलंगावर अंथरून बघितलेला नाही. टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावात, दहा महिने तो पांघरला, धुतला, वाळवला आणि कोळशाच्या इस्त्रीखालीही घातला. दुकानाचं नाव देत नाही. पुढं दोन तक्रारी आहेत, आणि त्या मी मालकांना तोंडावर सांगून आलेय. पाचपैकी चार तारे.

मी एकतीस वर्षं कटिंग-शिवण शिकवलं. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा, त्यामुळं माझ्या हाताखालच्या निम्म्या पोरी शाळेचे शर्ट-स्कर्ट शिवायलाच गेल्या. रिटायर झाल्यावर कळलं की मोशीजवळच्या एका केंद्रात मुलींना गणवेश शिवायला शिकवणारं माणूस हवंय. पगार नाही, राहणं-खाणं त्यांचं. मी हो म्हटलं. नणंद म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही काय कोटणीस व्हायला निघालात का?" भय्या चौकातल्या स्मारकावरून रोज जाणारी ती, तिला दुसरं काय सुचणार. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतले आपले द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडंच वारले, वय अवघं ३२. मी म्हटलं, "बाई, ते जीव वाचवायला गेले होते. मी काजं-बटणं शिकवायला चाललेय, आणि परत येणार आहे."

दुकानात मालक स्वतः गादीवर होते. पद्मशाली म्हणजे विणकर समाजातले म्हातारबाबा, घरात तेलुगू आणि गिऱ्हाइकाशी सोलापुरी.

"कुठं नेणार अक्का?"

"आफ्रिकेत."

"तिकडं ऊनच असतंय की ओ."

"डोंगराखाली गाव आहे. जून-जुलैत रात्री गार पडतं म्हणतात."

त्यांनी हातातली चादर खाली ठेवली. "धुणार कोण? मशीन हाय का हातानं? आन् वाळवणार कुठं?"

मला राग आला होता, खरं सांगते. गिऱ्हाईक चादर मागतंय आणि हे धुण्याची चौकशी करतायत. पण त्यांनी पांढऱ्यावरच्या फिक्या चादरी उचलून परत कपाटात टाकल्या आणि गडद तेवढ्या पुढं केल्या. मग एका चादरीच्या कडेचा धागा ओढला आणि काडी लावली. भुरकन जळून राख झाली, जळक्या कागदासारखा वास आला. "सूत आसंल तर राख, पॉलिस्टर आसंल तर गोळी." सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण बाहेरगावच्या बाजारात 'सोलापुरी' म्हणून काय काय खपवतात ते आपल्याला माहीत आहे. काडीपेटीची ही परीक्षा न मागता करून दाखवली, याचा अर्धा तारा.

एक मरून मोराची, एक बाटली-हिरवी आणि चार टॉवेल घेतले. पॅकिंगला त्यांनी आपल्या नेहमीच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या. टांझानियात जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. हे सांगितल्यावर ते नुसतं "आसं व्हय" म्हणाले, कापडी पिशवी काही निघाली नाही. घरी येऊन मांजरपाटाच्या सहा पिशव्या मीच शिवल्या. तिकडं जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दुसरं, टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथं बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, 'क्लास सी'चा निवास परवाना लागतो. माझा केंद्रानं काढला, मी फक्त कागद दिले.

शेंगा चटणी दोन किलो आणि कडक भाकरी चाळीस, हे गल्लीतल्या बचत गटाकडून. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, आदिस अबाबाला विमान बदललं आणि किलिमांजारो. खोलीवर जाऊन बॅग उघडली तर चाळीस भाकरींचा भुगा. यात बचत गटाचा काही दोष नाही. कागदासारखी पातळ भाकरी सामानाच्या पट्ट्यावरून आपटत जाणार, तिचं दुसरं काय होणार? भुगा दह्यात कालवून खाल्ला, आमटीत घातला, दीड महिना पुरवला. पण पुन्हा नेणार नाही.

चटणीनं मात्र नाव काढलं. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, पाणी अजिबात न लागलेली म्हणून सहा महिने टिकली. तिकडं मक्याच्या पिठाचा उगाली हे रोजचं जेवण. घट्ट शिजवलेला गोळा, हातानं तोडायचा, भाजीत बुडवायचा. पहिले पंधरा दिवस माझ्या घशाखाली उतरेना. मग एका दुपारी चिमूटभर चटणी लावून खाल्ला आणि माझा प्रश्न सुटला. शेजारच्या मुलीनं बोट लावून चाखलं, "कारांगा!" म्हणाली. कारांगा म्हणजे शेंगदाणे. पुढचा अर्धा किलो त्या टेबलावर चार दिवसांत संपला.

ज्वारी तिकडंही मिळते, तिला 'म्तामा' म्हणतात. बाजारात पीठ मिळालं तेव्हा मी जवळपास नाचलेच. ज्वारी मुळात आफ्रिकेतलीच, तिथूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या हाताला ते पीठ काही जुमानेना. उकळतं पाणी घालूनही भाकरीच्या कडा फाटत होत्या. तूरडाळ गुजराती दुकानात मिळायची. तूर तिकडं पिकते आणि आपल्याकडं येते, त्यामुळं आपण सोलापुरात खातो त्यातली थोडी तिकडचीच असेल.

आता बस्तान बसण्याबद्दल. पहिल्याच आठवड्यात मी माझी शोभा करून घेतली. एका मुलीनं सांगितलं, उद्या वर्ग 'सा म्बिली'. म्बिली म्हणजे दोन, एवढं मी पाठ केलं होतं. मी आरामात जेवून दुपारी दोनला गेले. वर्ग सकाळी आठलाच भरून संपला होता! स्वाहिलीत घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं: सकाळी सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. त्यानंतर महिनाभर मी कुठलीही वेळ सांगितली की आधी सहा मिळवून बघायची.

बाकी भाषेनं इतका त्रास दिला नाही. दुका म्हणजे दुकान, साबुनी म्हणजे साबण, पेसा म्हणजे पैसे, कलामु म्हणजे पेन, एम्बे म्हणजे आंबा. शिवणाच्या मशीनला चेरेहानी. मोठं माणूस दिसलं की मुली 'शिकामू' म्हणणार आणि आपण 'माराहाबा' म्हणायचं. नुसती मान हलवून पुढं गेलं तर तो उद्धटपणा. 'बीबी' ऐकून मी पहिल्यांदा दचकले होते. बीबी म्हणजे आजी. दुसऱ्या महिन्यापासून मी बीबीच झाले.

आणि चादर. तिकडं पलंगावर अंथरायच्या कापडाला 'शुका' म्हणतात, मसाई लोक खांद्यावर घेतात त्या लाल चौकड्याच्या कापडालाही शुकाच. माझी चादर पहिल्यांदा दोरीवर पडली तेव्हा दुपारच्या सुट्टीत सात-आठ मुली तिच्याभोवती जमल्या. त्यातली एक सोळा-सतरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. तिनं चादर उलटी केली. वरच्या बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर, खाली पांढऱ्या जमिनीवर मरून मोर. तिनं पुन्हा सुलट केली, पुन्हा उलटी. मी महिनाभर यांच्या डोक्यात एकच भरवत होते: कापायच्या आधी कापडाची सुलट बाजू ओळखा, तिच्यावर खडूनं खूण करा. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बीबी, हिची सुलट कुठली?" मला उत्तर देता आलं नाही. जन्मभर पांघरली, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मग तिनं टोकाची शिवण बघितली आणि नाक मुरडलं. बरोबरच होतं. इंचाला जेमतेम सहा टाके, दोरा सैल. दुसऱ्या धुण्यातच एक टोक उसवलं. एवढं देखणं विणकाम आणि शेवटी शिवण अशी, जशी लग्नाच्या जेवणावळीत मठ्ठा आंबट. ते टोक तिनंच पायाच्या मशीनवर पुन्हा शिवून दिलं, इंचाला दहा टाके, कोपरे दुमडून. हा अर्धा तारा त्या शिवणीचा कापलाय.

उरलेला अर्धा रंगाचा. पहिल्या धुण्याला मी मरून चादर घंगाळ्यात भिजवली आणि वर्गातून येईपर्यंत कुणीतरी मदत म्हणून नमुन्याचे तीन शर्ट त्यातच बुडवले होते. तिकडच्या प्राथमिक शाळांचा गणवेश म्हणजे पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट किंवा चड्डी. तीन पांढरे शर्ट गुलाबी होऊन बाहेर आले. ज्या मुलींनी शिवले होते त्यांना हसावं की रडावं कळेना. मी मात्र रडले, खोलीत जाऊन, आणि ते फक्त शर्टांसाठी नव्हतं. घरापासून इतक्या लांब, सोलापूरचं म्हणून मोठ्या तोऱ्यात आणलेली वस्तू अशी दगा देते तेव्हा तो सगळा आठवडाच अंगावर येतो. संध्याकाळी त्या तिघींनी गुलाबी शर्टांच्या पिशव्या कापल्या. नंतर त्यात आम्ही बटणं ठेवायचो.

म्हातारबाबांचा प्रश्न आठवला तो मार्चमध्ये. मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस, मासिका. सोलापूरच्या उन्हात चादर दोन तासांत कडक होते, तिथं तीन दिवस दोरीवर ओलीच. त्यात तिकडं एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते, अळी कातडीत शिरून गळू होतं. म्हणून दोरीवर वाळवलेला प्रत्येक कपडा, अगदी आतलासुद्धा, दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री केल्याशिवाय वापरायचा नाही. कोळशाच्या इस्त्रीनं एवढी जाड चादर, दोन्ही बाजूंनी! मनगट दोन दिवस धरून होतं. धुणार कोण, वाळवणार कुठं. टॉवेलचं काम तेवढं सोपं होतं, लगेच वाळायचे आणि दहा महिन्यांत एकाचाही दोरा निघाला नाही.

पण जुलैच्या रात्री त्या चादरीनं जी ऊब दिली तिला तोड नाही. केंद्राची पातळ कृत्रिम धाग्याची घोंगडी होती, अंगाला चिकटायची, आत घाम आणि बाहेर गारठा. सुती चादर दुहेरी घेतली की झोप लागायची. धुवून धुवून मऊ झाली, मोर फिका पडला नाही, ताणाबाणा कुठं विरला नाही.

निघताना मरून चादर त्या मुलीला दिली, हिरवी केंद्रात राहिली. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात दुकानात गेले. म्हातारबाबांनी ओळखलं. शिवणीचं सांगितल्यावर त्यांनी मुलाकडं बघितलं, मुलगा मोबाइलमध्ये. रंगाचं सांगितल्यावर म्हणाले, "पयल्यांदा मिठाच्या पाण्यात घालायची असतंय की अक्का."

"हे त्या वेळी सांगितलं नाहीत."

"धुणार कोण म्हणून इचारलो की." मग चुकलंच म्हणाले, आणि एक हात-टॉवेल वर ठेवला. मी घेतला.

तशीच मरून मोराची पाहिजे होती, पण संपली होती. जांभळी घेतली. काल रात्री मिठाच्या पाण्यात घातलीय. आता तिसरं पाणी बदलतेय, अजून जांभळंच निघतंय.