विश्रामबागचं बायोडेटावाल्या काकांचं दुकान : माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागला झेरॉक्सच्या दुकानांच्या ओळीत एक लहानसा गाळा आहे, ‘बायोडेटा करून मिळेल’ अशी पाटी असलेला. मागच्या महिन्यात तिथे दोनदा जाऊन आले. पाचपैकी साडेचार देईन.

मी बी.कॉम. हळदीच्या एका अडत दुकानात नऊ वर्षं हिशेब सांभाळले. २०२० साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सोडली. आता पुन्हा अर्ज करायचे, म्हणून आधी दुसऱ्या एका ठिकाणी ३०० रुपये देऊन रंगीत रेझ्युमे करून घेतला होता. डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे, मला ते किती येतं हे दाखवणारे पाच ठिपके, त्यातले चार भरलेले. वीस ठिकाणी पाठवला. एक फोन नाही.

काकांनी ती फाईल उघडली, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “ताई, यात तुमचा नंबर शोधा.” नव्हताच! तो चित्राचा भाग होता. पट्टीतल्या ओळी शिक्षणाच्या ओळींत घुसलेल्या, ठिपके गायब. कंपनीत आलेले अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हे असंच दिसू शकतं, म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग सॉफ्टवेअरच अर्ज फेकून देतं म्हणतात ते खरं का, असं मी विचारलं. सॉफ्टवेअरला सापडावेत म्हणून जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकायचा सल्ला मला भाच्याने दिला होता. काका आधी एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या विभागात होते, अर्जांचे गठ्ठे त्यांनी स्वतः चाळलेत. म्हणाले, सॉफ्टवेअर बहुतेक वेळा अर्ज साठवतं, शोधून देतं. फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर त्या उत्तरावरून बाजूलाही काढतं. पण बोलवायचं कुणाला ते माणूसच ठरवतो, आणि पांढरी अक्षरं कॉपी केली की उघडी पडतात.

वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, खालचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं त्यांनी काढलं. स्थळाला द्यायचा कागद वेगळा. सरकारी भरतीला मात्र जाहिरातीत जे मागितलंय ते जसंच्या तसं द्यायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मग प्रश्न सुरू झाले. रोज किती बिलं? जीएसटी आला तेव्हा तुम्हीच होता का? होते ना! जुलै २०१७ मध्ये सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर फोन करकरून गोळा केले, टॅलीत भरले. पुढे दर महिन्याला जीएसटीची दोन विवरणपत्रं भरली : जीएसटीआर-१ हे ११ तारखेच्या आत, ३बी हे २० च्या आत. मला वाटायचं, हे तर रोजचं काम, यात लिहिण्यासारखं काय? काकांनी तेच सगळ्यात वर घेतलं.

मधली वर्षं झाकायला मी नोकरीची तारीख पुढे ओढा म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला. पीएफ असला तर तारखा तिथे दिसतात, आणि आजारपणाची सेवा लपवायची कशाला? एका ओळीत सरळ लिहिलं. जाहिरातींत टॅलीप्राइम ही टॅलीची नवी आवृत्ती मागतात, मला जुनी ईआरपी ९ येते, म्हणून मी अर्जच करत नव्हते. सगळ्या अटी जुळायलाच हव्यात असं नाही, हेही तिथेच कळलं. टॅलीप्राइमच्या शिकाऊ मोडवर आठ दिवस सराव केला आणि तेवढंच लिहिलं.

दीडशे रुपये घेतले, दुसऱ्या खेपेचे काही नाही. नवीन कागद सहा ठिकाणी दिला, दोन बोलावणी आली.

अर्धा गुण कापला तो मराठी अर्जासाठी. जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता, मोबाईलवर उघडला तर नुसती भलतीच चिन्हं! दुसरी खेप त्यासाठीही. मराठीत काही करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत करा असं आधीच सांगा, आणि पीडीएफसोबत वर्डची फाईलही मागून घ्या.