कोलोस्टोमी बॅग: वन-पीस की टू-पीस?
ताई, पोटावरच्या छिद्रातून येणारी शौच गोळा करायची ही पिशवी, तुम्ही विचारलंत ना कुठली घेऊ, गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मी दोन्ही वापरल्यात म्हणून सांगते.

वन-पीसमध्ये पोटाला चिकटणारी चकती आणि पिशवी एकच, पातळ असते, साडीच्या निऱ्यांखाली कळत पण नाही, पण बदलायची म्हणजे दरवेळी सगळंच सोलून काढायचं, माझी कातडी लालबुंद व्हायची. टू-पीसची चकती साधारण 3-4 दिवस पोटावर राहते, फक्त पिशवी बदलायची. पिशवी अडकवायची रिंग मात्र जाड, परकराची नाडी नेमकी तिथंच रुतते, मी शेवटी घरात गाऊनवर आले.

खर्चाचं म्हणाल तर एका नगाचा भाव बघू नका, महिन्याला किती लागतात ते मोजा. आणि आपला सोलापूरचा उन्हाळा, 40 च्या वर गेला की घामाने दोन्ही सुटतात, पर्समध्ये जादा सेट ठेवाच.

एक मात्र आहे, कोरडेपणा, नवऱ्याजवळ जाताना दुखणं हे कुठल्याच बॅगने सुटत नाही, ऑपरेशनमध्ये योनीचा मागचा भाग काढला असेल तर जास्तच, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका.

हात थरथरतात, नजर कमी आहे त्यांना वन-पीस. कातडी नाजूक आणि पिशवी सारखी बदलावी लागते त्यांना टू-पीस. लग्नकार्याला साडी नेसायची असली की मी अजून वन-पीसच लावते.