नीतिशास्त्राचा वर्ग, भर समुद्रात

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये ६.८ हे कलम घालण्यात आले. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी कोणत्या प्रवास-सवलती घ्यायच्या नाहीत याची यादी देताना त्यात रेल्वे, विमान आणि जहाज यांच्या पाठोपाठ ‘क्रूझची तिकिटे’ असा चक्क वेगळा उल्लेख आहे. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या क्रूझवर, आदल्या रात्री जादूचे प्रयोग झालेल्या नाट्यगृहात, पहिल्या वक्त्यांनी शनिवारी सकाळी साडेनऊला हे कलम मोठ्याने वाचले, तेव्हा समोर बसलेले शंभरेक डॉक्टर आधी मनापासून हसले आणि मग जरा चुळबुळले. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या या तीन रात्रींच्या अभ्यासवर्गाची इतकी नेमकी सुरुवात आयोजकांनी ठरवून केली होती की तो योगायोग होता, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

चिपळूणला गेली २६ वर्षे माझा दवाखाना आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे अभ्यासवर्गांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात आणि आमच्याकडे ते बहुधा एखाद्या हॉटेलच्या तळघरातील सभागृहात, मधुमेहाच्या नव्या गोळीवरील व्याख्यान ऐकून आणि नंतर पनीर टिक्का खाऊन मिळवले जातात. तेथे नीतिशास्त्र हा विषय वर्षानुवर्षे निघत नाही. त्यामुळे ‘पूर्ण खर्च सहभागींचा, औषध कंपन्यांचा एक रुपयाही नाही’ असे जाहीर करणाऱ्या या वर्गाला मी आणि माझी पत्नी, जी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, असे दोघांनी नाव नोंदवले. खोली, जेवणखाण आणि वर्गाचे शुल्क मिळून आम्हा दोघांना ६८,००० रुपये पडले. माझे वडील दाभोळहून आगबोटीने मुंबईला जात तेव्हा डेकवर वळकटी पसरून झोपत. त्या मानाने ही रक्कम ऐकून ते काय म्हणाले असते, हा विचार बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर सामान तपासून घेताना मनात आलाच.

आता तक्रारीचे आधी सांगतो. पहिल्या संध्याकाळी खोलीत पाऊल ठेवले तर पलंगावर दोन कापडी पिशव्या ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला वर्गाच्या नावाखाली एका औषध कंपनीचे बोधचिन्ह छापलेले होते. आत वही, पेन, पाण्याची स्टीलची बाटली. मी समन्वयकांना विचारले, तर त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की कंपनीने फक्त शनिवारच्या रात्रीचे जेवण दिले आहे आणि पिशव्या ‘सोबत आल्या’ आहेत. ज्या वर्गाचा पहिलाच तास भेटवस्तूंवर आहे, त्या वर्गात असे उत्तर ऐकून हसावे की रागवावे ते कळेना. पिशवी मी स्वागतकक्षात परत दिली, पत्नीने मात्र बाटली तेवढी काढून घेतली आणि त्यावरून आमच्यात जे झाले ते या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचे आहे.

मात्र हीच पिशवी दुसऱ्या दिवशी चर्चेत उपयोगी पडली. कोणीतरी ती वक्त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि हे कलमात बसते का, असे विचारले. डॉक्टरांच्या संघटनांनाही ६.८ लागू होत होते, पण २०१६ च्या दुरुस्तीने त्या वगळल्या गेल्या आणि कलम व्यक्तिगत डॉक्टरापुरते उरले. त्याच दुरुस्तीने १,००० रुपयांच्या वरच्या भेटीपासून पुढे शिक्षेचे टप्पे ठरवून दिले. म्हणजे हीच पिशवी मला कंपनीच्या प्रतिनिधीने दवाखान्यात आणून दिली तर प्रश्न माझा, आणि संघटनेने कंपनीकडून घेऊन मला दिली तर प्रश्न कोणाचाच नाही, अशी ती गंमत आहे. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली आणली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली, त्यामुळे आपण आजही २००२ च्याच संहितेखाली आहोत. वक्त्यांनी हा सगळा गुंता कोणालाही उपदेश न करता, पिशवी हातात धरूनच सोडवून दाखवला. एवढ्या एका तासासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे संमतीवरचे सत्र. ते मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात काम केलेल्या ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी घेतले आणि त्यासाठी त्यांनी एकही स्लाइड लावली नाही. त्यांनी समीरा कोहली खटल्याची हकिगत सांगितली: १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने केवळ निदानासाठी दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली, ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य नाही असे ठरवून २५,००० रुपयांची भरपाई द्यायला लावली व डॉक्टरांचे शुल्कही नाकारले. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकेल. पण रुग्ण सज्ञान होती, जिवावर बेतलेले नव्हते आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते.

मग बाईंनी आम्हाला जोड्या करायला लावल्या. एकाने डॉक्टर व्हायचे, दुसऱ्याने रुग्ण, आणि हीच शस्त्रक्रिया मराठीत समजावून सांगायची. अट अशी की ‘छोटंसं ऑपरेशन’, ‘काही घाबरण्यासारखं नाही’ आणि ‘इथे सही करा’ ही तीन वाक्ये उच्चारायची नाहीत. माझ्या जोडीला सोलापूरचे एक शल्यचिकित्सक होते. ३० वर्षे पोट उघडणारा हा माणूस दुसऱ्याच मिनिटाला अडखळला, कारण गर्भाशयासाठी ‘पिशवी’ हा शब्द रुग्णाला कळतो, पण अंडाशय काढले तर काय होते हे सांगायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मीही ‘हार्मोन्स कमी होतात’ एवढे म्हणून थांबलो. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘अंगातून वाफा निघतील, झोप उडेल, पाळी आजपासून बंद होईल, असं सांगा ना. तिला राहायचंय त्या शरीरात.’’ सभागृहात तेव्हा इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

हा वर्ग जहाजावर घेण्याला खरा अर्थ आला तो दुपारच्या सत्रात. विषय होता ‘डायमंड प्रिन्सेस’. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या बंदरात ३,७११ माणसांसह हे जहाज विलगीकरणात ठेवले गेले आणि त्यातील ७०० हून अधिक जणांना कोविडची लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी होते, हे मी विसरूनच गेलो होतो. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद, आणि त्यांच्या दारापर्यंत जेवणाची ताटे नेणारे कर्मचारी मात्र दाटीवाटीच्या सामायिक खोल्यांत झोपणारे. मग विलगीकरणाने संरक्षण नक्की कोणाचे झाले, असा प्रश्न वक्त्यांनी टाकला. थोड्या वेळापूर्वी आम्हाला सोलकढी वाढणारा मुलगा गुहागरचा निघाला होता. तोच दाराशी कपांची ट्रॉली घेऊन उभा असताना ही चर्चा चालणे जरा अवघडच होते.

या सत्राच्या शेवटी जहाजावरील डॉक्टर बोलले. कर्मचाऱ्याला जुलाब लागले की लक्षणे थांबल्यानंतरही ४८ तास त्याला स्वयंपाकघरात किंवा वाढपावर पाठवता येत नाही, हा नियम सर्वांना पाठ असतो आणि म्हणूनच मुले दुखणे लपवतात, असे त्यांनी सांगितले. पगार जहाज कंपनीचा, रुग्ण त्याच कंपनीचा नोकर, आणि गुपित राखायचे तर हजारभर प्रवाशांचे पोट धोक्यात. डॉक्टरच्या या दुहेरी निष्ठेवर आमच्यासारख्या, साखर कारखान्यांच्या आणि एमआयडीसीच्या दवाखान्यांत अर्धवेळ बसणाऱ्यांना खूप विचारायचे होते. पण जहाजावरील डॉक्टरांना फक्त २० मिनिटे दिली होती आणि पाचला सगळ्यांना डेकवर छायाचित्रासाठी बोलावले गेले. नियोजनातील ही चूक मला पिशवीपेक्षाही जास्त खटकली.

रविवारी गोव्याहून परत निघाल्यावर जहाजावर झालेले आयुष्याच्या अखेरच्या निर्णयांवरचे सत्र निराशाजनक होते. हल्ल्यानंतर मृत्यूपर्यंत अचेत अवस्थेत राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची कहाणी, १९७३ पासून २०१५ पर्यंतची, केईएमच्या परिचारिकांनी केलेली शुश्रूषा, दयामरणाच्या अर्जावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल, हे सर्व स्लाइडवरून वाचून दाखवण्यात आले. ते तरी चालले असते, पण लिव्हिंग विलची, म्हणजे अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, पद्धत सांगताना वक्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातील न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट सांगितली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली असून आता दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पत्नीने उभे राहून हे निदर्शनास आणल्यावर वक्त्यांनी ‘तपासून घेऊ’ म्हटले. भर समुद्रात इंटरनेट नसल्याने तेथे कोणालाच काही तपासता येत नव्हते. छापील टिपणे दिली असती तर बरे झाले असते.

बाकीचे थोडक्यात. खोली लहान पण स्वच्छ, जेवण भरपूर आणि शाकाहारी लोकांची आबाळ न करणारे. नाट्यगृहात मागच्या पाच रांगांना माइक नीट ऐकू येत नाही, तेव्हा पुढे बसावे. हजेरीचा क्यूआर कोड फक्त आत येताना स्कॅन होतो, बाहेर जाताना नाही. परिणामी अकरा वाजेपर्यंत तिसरा हिस्सा खुर्च्या रिकाम्या आणि तरणतलाव भरलेला. एका गृहस्थांनी तर मित्राचा मोबाइल आणून त्याचीही हजेरी लावली, आणि पुढच्या रांगेत बसून प्रामाणिकपणावर टिपणे काढली.

निव्वळ पॉइंटसाठी जायचे असेल तर हे महाग आहे. संमतीचे सत्र आणि जहाजावरील डॉक्टरांची ती २० मिनिटे यांसाठी मात्र मी पुन्हा पैसे मोजीन, फक्त नाव नोंदवण्यापूर्वी जेवणाचे बिल कोण भरते हे लेखी विचारीन. प्रमाणपत्र अकराव्या दिवशी ईमेलने आले. पिशवीबद्दलच्या माझ्या पत्राला ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असे एका ओळीचे उत्तर मिळाले.

परत आल्यावर दवाखान्यातील टाके घालण्याच्या संमतिपत्राचा मजकूर मी नव्याने लिहायला घेतला. तिसरा खर्डा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. ‘क्वचित गुंतागुंत होऊ शकते’ या वाक्याशी त्यांनी मला थांबवले आणि विचारले, ‘‘गुंतागुंत म्हंजे दोऱ्याची का, डॉक्टर?’’ चौथा खर्डा चालू आहे.