पहिल्या वर्षाला जलरंग की तैलरंग? सोलापुरातील कलाशिक्षकांसाठी तुलना

विद्यापीठीय अभ्यासक्रमात रेखाटन आणि रंगकाम शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्यांना सर्वप्रथम माध्यम ठरवावे लागते. वर्गातील अनेकांचा रंगांशी आलेला शेवटचा गंभीर संबंध शाळेतील इंटरमिजिएट परीक्षेपुरता असतो, त्यामुळे हाताला पहिल्या वर्षी जी सवय लागेल ती पुढे मोडणे अवघड जाते.

जलरंग स्वस्त आहेत म्हणून ते सोपे आहेत, हा समज आधी सोडावा. यात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. काम फिकटाकडून गडदाकडे जाते आणि एकदा झाकलेला उजेड सहसा पूर्णपणे परत मिळत नाही. त्यामुळे ब्रश उचलण्याआधीच छायाप्रकाशाचा निर्णय घ्यावा लागतो आणि कच्चे रेखाटन पहिल्याच वॉशखाली, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या पसरट थराखाली, उघडे पडते. विद्यार्थ्याला हे जाचक वाटते. शिक्षकाला मात्र कोण कुठे अडले आहे ते लगेच दिसते. सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्र तैलरंगातील असावे असे पाहणाऱ्याला सहज वाटते, पण ते जलरंगातील आहे. या माध्यमाची ताकद समजावण्यासाठी त्याची प्रतिकृती पहिल्याच दिवशी वर्गात दाखवावी.

तैलरंगाचा स्वभाव उलट आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. म्हणून आज चुकलेला गाल उद्या खरवडून पुन्हा रंगवता येतो. व्यक्तिचित्रातील गोलाई शिकवायला याहून उदार माध्यम नाही, पण हीच उदारता आळशी विद्यार्थ्याच्या पथ्यावर पडते. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा, हा नियम न पाळल्यास पुढे रंगाला तडे जातात, आणि ते दिसेपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो.

कॅनव्हासच्या खर्चावर सोलापुरात थोडी सवलत मिळते. मांजरपाट चौकटीवर ताणून, सरस देऊन त्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पायाचा थर, चढवला की सरावापुरता कॅनव्हास तयार होतो. जवसाचे तेल उघड्या सुती कापडाला कालांतराने कुजवते, म्हणून मध्ये सरसाचा थर हवा. पूर्व भागातील यंत्रमागाच्या घरांतून आलेल्या मुलांना सुताची खळ ठाऊक असते, त्यामुळे त्यांना हे फार समजावावे लागत नाही. खरी अडचण जागेची असते. तीस ओले कॅनव्हास आठवडाभर ठेवायचे कुठे, आणि टर्पेंटाइनच्या वाफा बाहेर जातील अशा समोरासमोरच्या खिडक्या वर्गाला आहेत का, याचे उत्तर नकारार्थी असेल तर तैलरंगाचा विचार तेथेच थांबवावा.

ॲक्रिलिक हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पॅलेटवरच सुकतो आणि ब्रश निकामी करतो. भित्तिचित्रासाठी तो ठेवावा, पायाभरणीसाठी नको.

माझा कौल हवामान आणि सत्रांचे वेळापत्रक पाहून ठरलेला आहे. पहिले सत्र पावसाळ्यात येते, आणि सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. दमट हवेत वॉश सावकाश सुकतो, कडा मऊ राखता येतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर तोच वॉश बोर्डभर पसरण्याआधी कडेने वाळतो. मग कागद दोन्ही बाजूंनी भिजवणे किंवा सकाळी आठच्या आत सिद्धेश्वर तलावाकाठी निसर्गचित्र उरकणे, एवढेच उपाय उरतात. म्हणून पहिल्या सत्रात जलरंग घ्यावेत, तेही आरंभीचे सहा आठवडे एकाच रंगाच्या छटांत. कोरड्या हवेत तैलरंग तुलनेने लवकर सुकतात, म्हणून ते दुसऱ्या सत्रासाठी राखावेत. तेव्हाही गेरू, पिवळी माती, काळा आणि पांढरा एवढेच रंग द्यावेत.

वर्ग लहान असेल, विद्यार्थ्यांची छायाप्रकाशाची समज पक्की असेल आणि सलग तीन तासांचे प्रात्यक्षिक मिळत असेल, तर थेट तैलरंगापासून सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, त्यामुळे त्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकण्याची सक्ती पहिल्या तासापासून करावी.