कोलंबो फोर्ट ते कांकेसन्तुरै : याळ देवीने केलेला प्रवास

श्रीलंकेच्या उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेसेवेविषयी लिहिताना डबे, खिडक्या, वेळापत्रक आणि खाणे एवढ्यावरच थांबायचे असे मी ठरवले होते. परंतु जी गाडी सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातल्या यादवी युद्धामुळे चोवीस वर्षे उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्यापर्यंत पोचू शकली नाही आणि जिचे रूळ शेवटी शेजारच्या देशाच्या कर्जातून पुन्हा टाकावे लागले, तिचे परीक्षण तेवढ्यात आटोपत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मी जाताना याळ देवीने गेलो आणि येताना वातानुकूलित गाडीने परतलो. पुढील मजकूर मुख्यतः जातानाच्या प्रवासाचा आहे.

आधी व्यवहाराचे. कोलंबो फोर्ट ते जाफना हे अंतर सुमारे 400 किलोमीटर असून गाडीप्रमाणे सहा ते आठ तास धरून चालावे. आरक्षण स्थानकावर किंवा अधिकृत संकेतस्थळावरच करावे. मी घाईत एका दलालाकडून तिकीट घेतले आणि जवळजवळ दुप्पट पैसे मोजले, यात दोष त्याच्याइतकाच माझ्या आळसाचाही आहे. ज्यांना काचेआड बसून झोप काढायची आहे त्यांनी वातानुकूलित वर्ग घ्यावा. या मार्गावर 2019 साली आलेले उत्तरा देवीचे संच चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेले आहेत, त्यामुळे भारतीय प्रवाशाला आतली मांडणी परकी वाटत नाही. मला मात्र उघड्या खिडकीचा दुसरा वर्ग अधिक आवडला. त्यात वारा येतो, धूळही येते आणि टोपली घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याकडचे इसो वडे, म्हणजे वर अख्खी कोलंबी बसवलेले डाळीचे वडे, गरम असतानाच हाती पडतात.

याळ देवी ही गाडी एप्रिल 1956 मध्ये सुरू झाली. ‘याळ’ हे तंतुवाद्याचे प्राचीन तमिळ नाव, आणि त्यावरूनच जाफन्याला तमिळमध्ये याळ्प्पाणम म्हणतात अशी तिथली समजूत आहे. एका सिंहलीबहुल देशाच्या रेल्वेने आपल्या गाडीला असे तमिळ नाव दिले आणि दोनच महिन्यांनी, जून 1956 मध्ये, त्याच देशाच्या संसदेने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा संमत केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला मान्य आहे. तरीही फलाटावर उभे राहून गाडीचे नाव वाचताना त्या दोन महिन्यांच्या अंतराचा विचार मनातून जात नाही.

माहोपर्यंतचा प्रवास नारळाच्या बागा आणि भातशेती पाहण्यात जातो, आणि त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. माहो येथे बट्टिकलोआ आणि त्रिंकोमालीकडे जाणारा फाटा फुटतो, आणि तिथून पुढे गाडीची चाल बदलल्याचे चहाच्या पेल्यावरूनसुद्धा कळते. माहो ते ओमन्तै हा 128 किलोमीटरचा पट्टा भारताच्या सुमारे 9.1 कोटी डॉलरच्या कर्जसाहाय्यातून नव्याने बांधण्यात आला आणि 6 एप्रिल 2025 रोजी अनुराधापुर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी व राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके यांनी त्याचे उद्घाटन केले. आदल्याच दिवशी कोलंबोत दोन्ही देशांमध्ये संरक्षण सहकार्याचा समझोता झाला होता. ओमन्तैच्या पुढचा मार्ग इरकॉन या भारतीय सरकारी कंपनीने त्याआधीच बांधून दिला होता. त्यावरून ऑक्टोबर 2014 मध्ये गाडी जाफन्याला आणि जानेवारी 2015 मध्ये कांकेसन्तुरैला पोचली. रूळबांधणीच्या दर्जाविषयी माझी काहीही तक्रार नाही. गाडी सरळ धावते, डबा डुलत नाही, आणि कोकण रेल्वेच्या पावसाळी वेगमर्यादेला सरावलेल्या माणसाला तर ही चाल थेट चैनीची वाटते.

मेदवच्चिय स्थानकावर खिडकी सोडू नये. येथून डावीकडे तलैमन्नारचा फाटा फुटतो, आणि दोन देश एकमेकांशी सहकार्य करतात तेव्हा सामान्य माणसाचे काय होते हे समजून घ्यायचे असेल तर या फाट्याइतके बोलके ठिकाण या मार्गावर दुसरे नाही. 30 ऑक्टोबर 1964 रोजी भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांनी केलेल्या करारानुसार डोंगराळ भागातील चहामळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या 9,75,000 भारतीय वंशाच्या तमिळांची वाटणी झाली: 5,25,000 भारताने घ्यायचे, 3,00,000 श्रीलंकेने ठेवायचे आणि उरलेल्या 1,50,000 जणांचा निर्णय पुढे करायचा. ज्यांची वाटणी झाली त्यांना त्या करारात आवाज नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षे ही कुटुंबे मळ्यांतून रेल्वेने तलैमन्नारच्या धक्क्यावर आणि तिथून बोटीने रामेश्वरमला जात राहिली; 1984 मध्ये युद्धामुळे ती बोट बंद झाली तेव्हा ही रवानगीही थांबली. आज तो फाटा भारतीय कर्जातूनच दुरुस्त झालेला आहे, आणि मार्च 2015 मध्ये मोदींनी तलैमन्नारच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला होता. मन्नारच्या बाजूचे आणखी एक दुःख भारत-श्रीलंका व्यवहारात क्वचितच उच्चारले जाते: ऑक्टोबर 1990 मध्ये तमिळ वाघांनी, म्हणजे स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेने, उत्तर प्रांतातील 70 हजारांहून अधिक मुसलमानांना, त्यांची भाषा तमिळच असूनही, घरदार सोडून जायला भाग पाडले.

वव्हुनियानंतर बोली बदलते. विक्रेत्यांच्या आरोळ्या सिंहलीतून तमिळमध्ये येतात, आणि रूळांच्या दोन्ही बाजूंना लष्करी छावण्यांची कुंपणे अधूनमधून दिसू लागतात. जानेवारी 1985 मध्ये याच पट्ट्यात याळ देवीवर स्फोटकांनी हल्ला झाला होता आणि त्यात अनेक सैनिक मारले गेले होते. जून 1990 नंतर गाडी जाफन्याला जाणेच थांबले आणि पुढे रूळ व स्लीपर उखडून त्यांचे खंदक बांधले गेले. किलिनोच्ची ही वाघांची राजधानी होती, हे आज फलाटावरून ओळखू येत नाही. एलिफंट पासचा चिंचोळा भूभाग मात्र कुणी न सांगताही ओळखता येतो: दोन्ही बाजूंना उथळ खारे पाणी, त्यात उभे असलेले बगळे, आणि वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नाही. एप्रिल 2000 मध्ये येथील लष्करी तळ वाघांनी जिंकला, जानेवारी 2009 मध्ये सैन्याने तो परत घेतला. नावट्कुळी ओलांडून जाफन्यात शिरताना जवळच चेम्मणी आहे, जिथे माझ्या प्रवासाच्या सुमारास सामूहिक दफनभूमीचे उत्खनन चालू होते आणि शंभराहून अधिक सांगाडे बाहेर काढले गेले होते. डब्यातले बहुतेक जण त्या वेळी सामान उतरवण्याच्या गडबडीत होते.

जाफना स्थानक स्वच्छ व प्रशस्त असून पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत आहेत. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला तो 29 जुलै 1987 रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी केलेल्या करारानंतर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने प्रांतिक परिषदाही निर्माण झाल्या. पण उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला 2013 साल उजाडले, आणि 2018 मध्ये तिची मुदत संपल्यापासून तिथे निवडणूकच झालेली नाही. त्या करारावर दोन सरकारांच्या सह्या होत्या, वाघांची नव्हती आणि इतर कोणत्याही तमिळ पक्षाचीही नव्हती. माझ्या मते त्या कराराचे जे भाग दोन राजधान्यांच्या हिताचे होते, ते आज ना उद्या पूर्ण झाले. जो भाग केवळ जाफन्याच्या हिताचा होता, तो प्रत्येक संयुक्त निवेदनात एखाद्या वाक्यापुरता उरला.

मी स्थानकावर उतरून एक रात्र राहिलो आणि दुसऱ्या दिवशी उरलेला टप्पा केला, हे बरे झाले. जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय 1981 मध्ये जाळले गेले, त्यात सुमारे 97,000 पुस्तके व हस्तलिखिते नष्ट झाली. आज पुन्हा उभारलेल्या पांढऱ्या इमारतीत शाळकरी मुले अभ्यास करताना दिसतात. शेजारीच भारताच्या अनुदानातून बांधलेले अकरा मजली सांस्कृतिक केंद्र आहे. जानेवारी 2025 मध्ये त्याचे नाव ‘तिरुवळ्ळुवर सांस्कृतिक केंद्र’ असे करण्यात आले तेव्हा नावातून जाफना गळाल्याबद्दल आणि फलकावर तमिळ नाव तिसऱ्या क्रमांकावर टाकल्याबद्दल इतकी नाराजी उमटली की नंतर ‘जाफना’ हा शब्द पुन्हा जोडावा लागला. तमिळ लोकांना तमिळ कवीच्या नावाची भेट द्यावी आणि त्यांनी विचारावे की आमच्या गावाचे नाव कुठे गेले, याहून नेमका अभिप्राय कोणत्याही परराष्ट्र खात्याला मिळाला नसेल. डिसेंबर 2021 मध्ये चीनच्या राजदूतांनीही याच शहरात येऊन, उघड्या अंगाने व वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसून, नल्लूरच्या मंदिरात दर्शन घेतले होते. त्याच महिन्यात जाफन्यालगतच्या तीन बेटांवरील चिनी कंपनीचा ऊर्जाप्रकल्प भारताच्या आक्षेपानंतर थांबला, आणि पुढे तो भारतीय अनुदानातून करण्याचे ठरले.

जाफना ते कांकेसन्तुरै हा शेवटचा टप्पा लहान आहे आणि बहुतेक पर्यटक तो करत नाहीत. करावा. लाल माती, तंबाखू व कांद्याची शेते, ताडांच्या रांगा, आणि चुन्नाकम. चुन्नाकमच्या जवळ कंदरोडै नावाचे गाव आहे, जिथे 25 नोव्हेंबर 1987 रोजी, त्याच वर्षीच्या करारानुसार श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेतील मेजर रामस्वामी परमेश्वरन मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. मुंबईत जन्मलेला एक तमिळ माणूस महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचा अधिकारी म्हणून तमिळांच्या रक्षणासाठी पाठवला जातो आणि तमिळांच्याच गावात तमिळांच्याच गोळीने मरतो. शांतिसेनेचे सुमारे 1,200 जवान या बेटावर मृत्युमुखी पडले, आणि मार्च 1990 मध्ये ती परतली तेव्हा तिला निरोप द्यायला फारसे कुणी आनंदाने आले नव्हते.

गाडीत माझ्यासमोर बसलेले एक वृद्ध कोळी मी भारतातून आलो असे कळल्यावर प्रथम पुष्कळ प्रेमाने बोलले. सांस्कृतिक केंद्राची, युद्धानंतर भारताने बांधून दिलेल्या घरांची त्यांनी स्तुती केली. मग तमिळनाडूच्या ट्रॉलरांचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज चढला: “तळ खरवडून नेतात. भाषा आमचीच बोलतात, पण जाळी आमची फाडतात.” पाल्कच्या सामुद्रधुनीतला हा वाद दोन देशांचा आहे असे वर्तमानपत्रात वाचले होते, तो तमिळ कोळी विरुद्ध तमिळ कोळी असा आहे, हे त्या बाकावर समजले. नोव्हेंबर 2024 च्या संसदीय निवडणुकीत जाफना जिल्ह्यातल्या सहापैकी तीन जागा दक्षिणेतून आलेल्या दिसानायके यांच्या आघाडीला कशा मिळाल्या, असे मी विचारले, तर ते म्हणाले, “जुन्यांनीही जाळी परत आणून दिली नव्हती.”

कांकेसन्तुरैला फलाट संपतो तिथून समुद्र अगदी जवळ आहे. अनेक वर्षे हा सगळा परिसर लष्कराच्या उच्च सुरक्षा क्षेत्रात होता आणि जमिनी टप्प्याटप्प्याने परत मिळत आहेत. बंद पडलेला सिमेंट कारखाना अजून तसाच आहे. बंदरातून नागपट्टिणमला प्रवासी बोट जाते, ती ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि खंडानंतर ऑगस्ट 2024 पासून पुन्हा चालू झाली. ज्यांना गाडी आणि बोट एकाच फेरीत जोडायची आहे त्यांनी हवामानामुळे बोट रद्द होऊ शकते हे गृहीत धरून जाफन्यात किमान एक दिवस जादा ठेवावा. स्थानकाबाहेर खाण्याची सोय तुटपुंजी असल्याने डबा जाफन्यातूनच बांधून घ्यावा, आणि एलिफंट पासवरचे पाणी सकाळच्या उन्हात पाहायचे असेल तर परतीला पहाटेची गाडी धरावी.