अठ्ठावीस वॅटचा पंखा अन् नागपूरचा मे महिना

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर गैरसमज नको, बीएलडीसी (म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा लावला म्हणून खोली थंड होत नसते. कुठलाच पंखा हवा थंड करत नाही, आहे तीच हवा फिरवतो, अन् मे महिन्यात नागपुरात आहे ती हवा कशी असते हे मी काय सांगू. बर्डीवर (सीताबर्डी, आमची बाजारपेठ) दुकानात सेल्समन रिमोटचं बटण दाबून "पाहा सर, काय हवा फेकते" म्हणतो ना, तेव्हा दुकानात एसी चालू असतो, तेवढं ध्यानात असू द्या.

आमच्याकडे हॉल, बेडरूम अन् बाबांची खोली, तिन्हीकडे हे पंखे लावले अन् आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळं पाहून झालं म्हणून लिहून राहिलो. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला एका ब्रँडबद्दल नाही तर या जातीच्या पंख्याबद्दल बोलायचं आहे, अन् वर्षभरात मॉडेलं बदलून जातात.

जुन्या पंख्यात साधी इंडक्शन मोटर असते, सोबत एक कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर), बस. १२०० एमएमचा नेहमीचा पंखा फुल स्पीडला सत्तर ते ऐंशी वॅट खातो. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागात चुंबक असतात अन् आत एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, ते घरातल्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) करंटचं डीसी (एकाच दिशेचं) करून मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांना बरोबर टायमिंगनं करंट देतं, म्हणून तेवढ्याच कामाला अठ्ठावीस ते पस्तीस वॅटमध्ये भागतं. गंमत म्हणजे स्पीड कमी केला की खर्च एकदमच खाली येतो, एक नंबरवर पाच वॅटच्या आसपास, म्हणजे एका छोट्या एलईडी बल्बएवढा. जुन्या पंख्याचंही स्पीड कमी केल्यावर थोडं वाचतं पण या मानानं नाही, अन् जुना तो डबीवाला गरम होणारा रेग्युलेटर असेल तर फारसं काही वाचत नाही, बरीचशी वीज त्या डबीतच उष्णता होऊन जाते.

आता डब्यावर २८ वॅट लिहिलं म्हणून मानायचं कशाला, घरचं मीटर आहे ना. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल लाइट लुकलुकत असते अन् बाजूला बारीक अक्षरात इम्पल्सचा आकडा असतो, पुष्कळ मीटरवर ३२०० असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट झालं. फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, चार्जर सगळं बंद करा, इन्व्हर्टरची चार्जिंगही बंद करा (हे लोक विसरतात अन् मग म्हणतात पंखाच खोटा आहे), फक्त एक पंखा चालू ठेवा अन् मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभे राहा. दोन लुकलुकींमध्ये पंधरा सेकंद गेले तर ७५ वॅट, साडेसदतीस सेकंद गेले तर ३० वॅट. हिशोब सोपा आहे, ११२५ भागिले सेकंद, आलं उत्तर वॅटमध्ये. मीटरवर १६०० लिहिलं असेल तर २२५० भागिले सेकंद. आमच्या बेडरूमचा पंखा फुलवर छत्तीस सेकंदांच्या आसपास लुकलुक करतो, म्हणजे एकतीस वॅट. डब्यावरच्या आकड्याच्या थोडा वर आहे पण ठीक आहे, दगाबाजी नाही. याच पद्धतीनं घरातली कुठलीही वस्तू मोजता येते, आम्ही जुन्या फ्रिजचं पण मोजून पाहिलं अन् मग आठवडाभर आईचं अन् फ्रिजचं जमलं नाही.

पैशाचं बोलू. साधा बरा पंखा पंधराशे ते दोन हजार, बीएलडीसी अडीच ते साडेतीन हजार, म्हणजे हजार-दीड हजाराचा फरक धरा. दिवसाला सोळा तास पंखा चालला तर ४५ वॅटच्या फरकानं पाऊण युनिटपेक्षा थोडं कमी वाचतं, महिन्याला एकवीस-बावीस युनिट. युनिटला बारा रुपये धरले तर अडीचशेच्या वर. सहा महिन्यांत फरक निघाला. पण हे सोळा तासवाल्या पंख्याचं झालं. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा जो दिवाळीत अन् लग्नात चालतो, तिथं हा पंखा लावणं म्हणजे पैसे टांगून ठेवणं आहे. दुकानदार हे सांगत नाही, तो म्हणतो पूर्ण घराचे बदलून टाका, पाच घ्या, एकावर डिस्काउंट देतो. नका घेऊ. जिथं माणूस झोपतो अन् जिथं म्हातारी माणसं दिवसभर बसतात, त्या दोन खोल्यांचे आधी बदला. अन् एक गोष्ट बिलाची, आपल्या लाइट बिलात शंभर, तीनशे, पाचशे युनिटचे टप्पे असतात अन् वरच्या टप्प्याचा रेट जास्त असतो. वाचलेले युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतात. ज्यांचं बिल उन्हाळ्यात कूलरमुळे तीनशे युनिटच्या जरा पुढं जातं त्यांना याचा फायदा जास्त जाणवतो, ज्यांचं बिल शंभरच्या आतच आहे त्यांना घाई करायची काही गरज नाही.

पण राजेहो, मी हा पंखा बिलासाठी घ्या असं म्हणणारच नाही, मी म्हणतो इन्व्हर्टरसाठी घ्या. मे संपता संपता संध्याकाळी जो वादळवारा सुटतो, कुठंतरी झाड पडतं, तार तुटते अन् लाइट जाते ती रात्री कधी येईल काही भरवसा नसतो. १५० एएचची (अँपिअर-अवर) बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर असते, बॅटरी जरा जुनी झाली, इन्व्हर्टरनं आपला वाटा खाल्ला, हाती बाराशे येतात असं धरा. तीन जुने पंखे, दोन बल्ब अन् राउटर मिळून २६५ वॅट, साडेचार तासांत खेळ खल्लास, म्हणजे रात्री दोनला सगळं घर घामानं उठून बसतं. तेच तीन बीएलडीसी असले तर एकूण १३० वॅट, नऊ तास निघतात. दुसरं, साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जुना पंखा घूंऽऽ करत फिरतो, यात तो आवाज नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मात्र उन्हाळ्यात लवकर लवकर पाहत जा, पंखा किती का चांगला असेना बॅटरी कोरडी पडली की काही उपयोग नाही.

लो व्होल्टेजचं पण तसंच. रात्री अकराला गल्लीतले सगळे कूलर अन् एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज बसतं अन् जुना पंखा पाच नंबरवर ठेवूनसुद्धा दोन नंबरसारखा फिरतो, आपण झोपेत रेग्युलेटर फिरवत बसतो. बीएलडीसीचं कार्ड कमी व्होल्टेजमध्येही मोटरला पाहिजे तेवढं देतं, स्पीड हलत नाही. ज्यांच्या एरियात हा त्रास आहे त्यांना पहिल्याच रात्री फरक कळेल.

घेताना काय पाहायचं तर वीजबचतीच्या स्टारवर भाळू नका. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला स्टार लेबल सक्तीचं झालं, चांगलं झालं, पण स्टार मिळतो तो एका वॅटमागे किती हवा यावर. म्हणजे हवा कमी फेकून वॅट फारच कमी केले तरी पाच स्टार मिळू शकतात. म्हणून डब्यावर दुसरा आकडा शोधा, एअर डिलिव्हरी, सीएमएममध्ये असतो, मिनिटाला किती घनमीटर हवा. १२०० एमएमच्या पंख्याला २१० म्हणजे काठावर पास, मोठ्या हॉलसाठी २२० च्या वर पाहा. सुंदर बारीक पात्यांचे, लाकडी रंगाचे डिझायनर पंखे असतात त्यात हा आकडा नीट वाचा, दिसायला झकास अन् खाली बसलं तर केस हलत नाही असंही असतं.

कूलरसोबत कसं वागायचं तेही सांगतो, कारण नागपुरात पंखा एकटा नसतोच. भर दुपारी वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असतो, पंखा फुल केला की तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. कूलर चालू असताना पंखा एक किंवा दोन नंबरवर ठेवा, कूलरची गार हवा खोलीभर पसरते अन् स्लॅबची आग खाली येत नाही. अन् खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर ओल आतच कोंडते. नवतपा (मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस) संपून पहिला पाऊस पडला की कूलरचं राज्य संपतं, हवेत ओलावा आला की पाणी सुकतच नाही, नुसती चिकचिक. तिथून पुढं दिवाळीपर्यंत खरी नोकरी पंख्याचीच असते, म्हणून हॉलमध्ये हवेच्या आकड्यात काटकसर नको. अन् थंडीत मच्छरांसाठी रात्रभर एक नंबरवर ठेवतो, पाच वॅटमध्ये, मनाला टोचत नाही.

आता तक्रारी. पहिली रिमोटची. बाबांचं पहिल्या दिवसापासून एकच, "अरे पंख्याले रिमोट कायले पाहिजे? भिंतीवर बटण होतं ना चांगलं!" अन् ते काही चूक बोलत नाहीत. रिमोट उशीखाली, गादीच्या फटीत, कधी पेपरच्या गठ्ठ्यात, अन् रात्री तीनला थंडी वाजली की शोधा. काही मॉडेलमध्ये भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की स्पीड बदलतो, काही आता रेग्युलेटरवर चालणारे पण आले आहेत, घरात म्हातारी माणसं असतील तर तसलंच मागा. आम्ही शेवटी बाबांच्या पलंगाजवळ भिंतीला रिमोटचं स्टँड ठोकलं अन् रिमोटला सुतळी बांधली, टेलिफोन बूथच्या पेनसारखी. दुसरा घोळ असा की हॉल अन् बेडरूमला एकाच कंपनीचे पंखे असले अन् मधलं दार उघडं असलं की एका रिमोटनं दोन्ही ऐकतात. ज्यांच्या मोबाईलला वरून आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणारा छोटा लाइट) आहे, रेडमी-पोकोच्या बऱ्याच फोनला असतो, त्यांनी रिमोट ॲपमध्ये पंखा जोडून ठेवावा, रिमोटचे सेल संपले की कामी येतं.

मोठी तक्रार कार्डाची. जुना पंखा हळू झाला तर चौकातला कोणताही इलेक्ट्रिशियन शंभर रुपयांच्या आतला कंडेन्सर टाकून चालू करून देतो. हा पंखा बंद पडला तर पूर्ण कार्डच बदलावं लागतं, वॉरंटी संपल्यावर ते काही शंभरांत जातं अन् त्याच कंपनीचं लागतं. आमच्या हॉलच्या पंख्याचं एका वादळात लाइट चार-पाच वेळा गेली-आली त्यात कार्ड गेलं, वॉरंटीत होतं म्हणून पैसे नाही लागले पण तक्रार लिहून घेणारी बाई अन् प्रत्यक्ष येणारा माणूस यांच्यामध्ये उन्हाळ्यातले चांगले बरेच दिवस गेले, अन् तेवढे दिवस हॉलमध्ये टेबल फॅन. वादळात लाइट ये-जा करून राहिली असेल तर पंख्याचं बटण बंद करून टाका, लाइट स्थिर झाली की मग लावा.

उष्णता पण कार्डाची दुश्मनच. त्यातले जे गोल इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात त्यांचं आयुष्य दर दहा डिग्रीमागे साधारण अर्ध्यावर येतं असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. आता आपल्या शहराच्या तापमानाचा २३ मे २०१३ चा आकडा ४७.९ आहे (२०२४ च्या मेमध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवला होता अन् मोबाईलवर कल्ला झाला, मग कळलं सेन्सरच गंडला होता), अन् ते सावलीतलं तापमान, टिनाच्या शेडखाली छताला चिकटून काय होत असेल विचार करा. टिनाखालच्या खोलीत लावायचा असेल तर लांब रॉड लावून पंखा खाली घ्या, पाती छतापासून एक फूट तरी सुटी पाहिजेत, त्यानं हवाही नीट येते. पण पाती जमिनीपासून आठ फुटांच्या खाली नको, घरात उड्या मारणारे पोट्टे असतात.

रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल नसेल तर लावताना रेग्युलेटर काढायचाच. आमच्याकडे आलेला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, फुलवर ठेवा, काही होत नाही." होतं. कोणीतरी कधीतरी फिरवतंच, अन् कार्डाला कापलेला करंट चालत नाही, पंखा झटके देतो नाहीतर कार्ड जातं. समोर उभं राहून बोर्ड उघडायला लावला, रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी सोडून आपसात जोडून टेप मारली, रिकाम्या जागी प्लेट बसवली, पाच मिनिटांचं काम.

बिलाचा लगेच फोटो काढा. दुकानातलं मशीनचं बिल थर्मल कागदावर असतं, ते उष्णतेनं काळं पडतं अन् नुसतं ठेवलं तरी अक्षरं उडतात, दोन वर्षांनी वॉरंटी मागायला गेलात तर हातात कोरी चिठ्ठी. वॉरंटीची नोंदणी पंखा लावला त्याच दिवशी करून टाका, मोटरची अन् कार्डाची वॉरंटी सारखी आहे का वेगळी हे दुकानातच विचारा अन् बिलावर लिहून घ्या.

घ्यायचा कुठून म्हणाल तर ऑनलाइन भाव पाहून मग बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत (मोदी नंबर एक, दोन, तीन अशी गल्ल्यांची नावंच आहेत) एक चक्कर मारा, पुष्कळदा तेवढ्यातच जमतं अन् बिघडला तर तोंडावर बोलायला माणूस असतो. मार्चमध्ये घ्या, एप्रिल संपता संपता दुकानदार भाव पाडत नाही अन् पंखा लावायला इलेक्ट्रिशियनही मिळत नाही, सगळे कूलरचे पंप अन् खसची जाळी बदलण्यात गुंतलेले असतात.

स्वयंपाकघरात आम्ही जुनाच ठेवला आहे, दिवसातून दीड-दोन तास चालतो, नवा कंडेन्सर टाकला, धूळ पुसली, मस्त फिरतो.