एटिमऑनलाइन: इंग्रजी शब्दांचं मूळ शोधायला एकदम भारी साइट

इंग्रजी शब्द कुठून आला हे बघायचं असेल तर मी आधी एटिमऑनलाइन उघडते, फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही, आणि शब्द टाकला की तो लिखाणात साधारण कधीपासून सापडतो आणि त्याआधी फ्रेंच, लॅटिन, ग्रीक असा कुठून फिरत आला ते लगेच दिसतं. डग्लस हार्पर यांनी ही साइट सुरू केली, त्यांच्या चिकाटीला खरंच सलाम.

परवा 'मम्प्सिमस' शोधला. चूक दाखवून दिली तरी तीच धरून बसणारा माणूस म्हणजे मम्प्सिमस, आणि त्या चुकीच्या सवयीलाही हाच शब्द. आता गोष्ट ऐका, कसला भारी उगम आहे! एक पाद्री लॅटिन प्रार्थनेत 'सम्प्सिमस' म्हणजे 'आम्ही घेतलं' याऐवजी वर्षानुवर्षं 'मम्प्सिमस' म्हणायचा, ज्याला लॅटिनमध्ये काही अर्थच नाही, आणि कोणीतरी टोकल्यावर म्हणाला की तुमच्या नव्या सम्प्सिमससाठी मी माझा जुना मम्प्सिमस सोडणार नाही. डच विद्वान इरॅस्मसच्या पत्रात १५१६ च्या सुमाराला ही गोष्ट येते, १५१७ मध्ये रिचर्ड पेस या इंग्रज मुत्सद्द्याने पुस्तकात घेतली, आणि १५४५ मध्ये तर खुद्द इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पार्लमेंटमध्ये म्हणाला की काही जण जुन्या मम्प्सिमसला चिकटलेत आणि काही नव्या सम्प्सिमसच्या नादी लागलेत. धर्मावरून भांडणं पेटलेली असताना दोन्ही बाजूंना एका वाक्यात सुनावलं की!

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे माहीत नसेल तर साइट सरळ तसं सांगते. 'क्विझ'बद्दल डब्लिनच्या एका थिएटर मॅनेजरने पैज लावून तो शब्द बनवला ही गोष्ट सगळीकडे फिरते, इथे मात्र ती शंकास्पद आहे असं स्पष्ट लिहिलंय, कारण शब्द अठराव्या शतकातला आणि गोष्टीची नोंद थेट १८३० च्या दशकातली. हा प्रामाणिकपणा फार कमी ठिकाणी दिसतो.

कमी काय, तर जुन्या लिखाणातली मूळ वाक्यं प्रत्येक शब्दाला मिळत नाहीत, ती सालवार बघायची तर मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरीच लागते आणि तिथे बहुतेक सगळं सबस्क्रिप्शनमागे. शिवाय आजचा नेमका अर्थ बघायला इथे येऊ नका, शब्द पूर्वी काय होता हे सांगणं हेच हिचं काम. पण शब्दांचं वेड असेल तर आजच बुकमार्क करा, माझ्याकडून पाचपैकी पाच.